बारावीनंतर पर्यावरणशास्त्र आणि धोरण या विषयात पदवी: कोणी केली आहे का? (नाशिक)

आडगावकर | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायची वेळ आज आली.

मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही घेतलेत, सीईटीचा क्लासही चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत एकदा जेवताना तिने सांगून टाकलं, की इंजिनिअरिंग नको, फार्मसी नको, पर्यावरणशास्त्रात पदवी करायची आहे. नुसतं शास्त्र नाही, तर सरकारचं धोरण कसं ठरतं आणि झालेले कायदे जमिनीवर का उतरत नाहीत, हेही शिकायचंय.

याचं मूळ मला माहीत आहे. नववीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी नासर्डी नदीच्या काठाने चालल्या होत्या, सातपूरकडून टाकळीच्या संगमापर्यंत, तीन रविवार. पहिल्या रविवारी घरी आली ती रडवेली होऊन. तिसऱ्या रविवारी तिच्या वहीत पूर्ण नकाशा होता: कुठला नाला कुठे मिळतो, कुठे फेस दिसतो, कुठे वास बदलतो. ती वही अजून जपून ठेवली आहे.

आजोबा म्हणतात, झाडं लावायला डिग्री कशाला लागते? हे काही बोलत नाहीत, पण त्यांना नोकरीची काळजी आहे आणि ती खोटी नाही. घरात पगार एकच आहे. मला लेकीच्या बाजूने उभं राहायचंय, पण डोळे उघडे ठेवून.

यात नेमकं शिकवतात काय? पुढे काम कुठे मिळतं? आणि त्यासाठी नाशिक सोडायलाच लागेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा, कडू असलं तरी चालेल.

सिन्नरचा वारा | रविवार, रात्री ९.३२

माझ्या भाच्याचाही हाच प्रश्न आहे. वाचतोय.

जांभळी पाणकोंबडी | रविवार, रात्री ११.०५

काकू, मी निफाड तालुक्यातली, सध्या पुण्यात पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

आजोबांना एवढंच सांगा, की पहिल्या वर्षी आम्ही एकही झाड लावलं नाही. सगळा वेळ गेला तो केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्समध्ये. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, मोजायचा तर बाटली नदीतून काढल्या काढल्या काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालून फिक्स करावी लागते. तशीच लॅबपर्यंत नेली तर आकडा बदलतो. बीओडीसाठी बाटली २७ अंशांवर ३ दिवस ठेवायची, म्हणजे पाण्यातली घाण खाताना सूक्ष्मजीवांनी किती ऑक्सिजन वापरला ते कळतं. आंघोळीच्या पाण्याचा निकष असा, की बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि डीओ ५ च्या खाली नको. हे एकदा हाताने केलं की रामकुंडाच्या पाण्याची बातमी वाचताना मनात आधी प्रश्न येतात. नमुना कुठे घेतला? सकाळी की दुपारी? त्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं का?

धोरणाचा भाग दुसऱ्या वर्षापासून वाढला. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाचा २०१० चा. हे पाठ करायला एक रात्र पुरते. पण नमुना कोण घेणार, तो कोणी तपासायचा, ज्या गावचा ओढा त्या गावाला विचारणार का, हे समजायला वर्षं लागतात. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासासाठी २००६ ची अधिसूचना आहे. तिच्यात जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यायची आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवायचा असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या सरांनी एक खरा अहवाल वाचायला दिला होता. त्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्या भागात कधी न दिसणारे पक्षी होते. मी निफाडची असल्यामुळे ते मला लगेच खटकलं. धोरण म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या यादीवर कोणीतरी सही केली होती आणि पुढचे निर्णय त्या सहीवर उभे राहणार होते.

नांदूरमध्यमेश्वर आमच्या घरापासून जवळ आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. मूळ बंधारा शंभर वर्षांहून जुना, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली आणि त्या उथळ चिखलावर पक्षी आले. म्हणजे जो गाळ पाटबंधाऱ्यांच्या हिशोबात तोटा, तोच पक्ष्यांचं ताट. गाळ काढायचा की ठेवायचा? माझा दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प याच प्रश्नावर होता. मला त्याचं एकच उत्तर सापडलं नाही, पण प्रश्न नीट मांडता आला.

कडूही सांगते. विभाग लहान आहे, शिक्षक कमी आहेत, दोन उपकरणं वर्षभर बंद होती. वर्गातले निम्मे दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेले. आणि कॅम्पस मुलाखतींना आमच्यासाठी फारसं कोणी येत नाही. आपल्यालाच शोधत जावं लागतं.

रानवाट | सोमवार, सकाळी ७.२०

एक गोष्ट प्रवेशाआधीच बघा, नंतर फार हळहळ होते. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायचं असेल तर पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र हे नाव नाही.

माझ्या बरोबरीच्या एका मुलाला हे पदवी हातात पडल्यावर कळलं. तीन वर्षं जंगलात राबलेला मुलगा. कॉलेज निवडताना मेजर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम विषय कोणता मिळतो ते विचारा आणि यादीतला एक विषय गुणपत्रिकेवर येईल असं बघा.

प्रयोगवही | सोमवार, सकाळी १०.४५

मी थोडं वेगळं सांगतो. वीस वर्षं बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवतोय. माझं मत असं, की पदवीला एक मूळ विषय पक्का करावा. केमिस्ट्री, बॉटनी, जिऑलॉजी, काहीही. मग एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घ्यावं. सगळ्यातलं थोडं थोडं शिकलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना प्रश्न फार सुंदर पडतात, पण टायट्रेशन करताना, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजताना, हात थरथरतो. एका विषयात खोल गेलं की बाकीचं पुढे शिकता येतं. उलटं मी फार कमी वेळा पाहिलंय.

मुलीला निरुत्साही करायचा हेतू नाही. ती वही मला बघायला आवडेल.

जांभळी पाणकोंबडी | सोमवार, दुपारी १.३०

सर, हात थरथरतो हे खरं आहे, माझाही थरथरायचा. पण माझ्या केमिस्ट्रीवाल्या मैत्रिणींनी तीन वर्षांत एकदाही नदीवर जाऊन नमुना घेतलेला नाही. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे लॅबच्या नळाचं. खोली पाहिजे हे मान्य, म्हणून मी संख्याशास्त्र मायनर घेतलं आणि क्यूजीआयएस घरी शिकले. नकाशांचं ते सॉफ्टवेअर फुकट आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रंही फुकट मिळतात, साधारण दर ५ दिवसांनी नवी. गोदावरीत पाणवेली कुठून कुठे सरकल्या ते मी होस्टेलच्या खोलीत बसून मोजलंय.

अंबड १७ | सोमवार, रात्री ८.५०

ताई, नोकरीबद्दल मी लिहितो. अंबडच्या एका कारखान्यात ईएचएस, म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा विभागात १४ वर्षं झाली.

काम कसं असतं ते सांगतो. सकाळी ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, पीएच (आम्लता) आणि सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) बघायचा. आमच्याकडे प्लेटिंग, म्हणजे धातूला मुलामा देण्याचं काम आहे, म्हणजे सांडपाण्यात क्रोमियम येतं. हेक्झाव्हॅलंट क्रोम विषारी. आधी आम्ल घालून पीएच २-३ वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी रूप करायचं, मग चुना घालून पीएच वर न्यायचा, की ते गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ घातक कचरा असतो. त्याचं वजन, त्याची नोंद, तो कुठल्या गाडीने कुठे गेला त्याचे कागद, सगळं ठेवावं लागतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, म्हणजे आम्ही ज्याला कन्सेंट म्हणतो ती, वेळेत नूतनीकरणाला घालायची. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक पर्यावरण विवरणपत्र. पावसाळ्यात रात्री फोन आला तर उठून यायचं.

मुलाखतीला दोन प्रकारची मुलं येतात. एकाला रसायन येतं, पण कन्सेंट हातात दिला तर त्यातल्या अटी वाचता येत नाहीत. दुसऱ्याला जागतिक करार तोंडपाठ, पण पंप बंद पडल्यावर टाकीत काय होईल ते सांगता येत नाही. दोन्ही येणारी मुलगी गेल्या वर्षी एकच आली आणि तिला आम्ही त्याच दिवशी घेतलं.

पगाराचं खोटं सांगणार नाही. सुरुवात आयटीच्या जवळपासही नसते. पण काम वाढतंय. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यामुळे त्या कंपन्या आता आमच्यासारख्या माल पुरवणाऱ्यांकडेही विजेचे, पाण्याचे, कचऱ्याचे आकडे मागतात. हे आकडे प्रामाणिकपणे काढणारी माणसं लागणार आहेत. याशिवाय प्रयोगशाळा आहेत, सल्लागार संस्था आहेत, महापालिकेची कामं आहेत. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नाशिकचं नाव आहेच.

सरकारी जाहिराती मात्र एकेक शब्द वाचून घ्या. बऱ्याच पदांना पदव्युत्तर किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. नुसत्या तीन वर्षांवर थांबायचा विचार नको, हे माझं स्पष्ट मत.

द्राक्षमळा | मंगळवार, पहाटे ५.४०

फवारणीला निघायच्या आधी लिहितोय. पिंपळगावजवळ आमची बाग आहे.

२०१० साली आमची द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आम्ही त्याला सीसीसी म्हणतो, वेलीची वाढ थोपवायला वापरायचो. फळात त्याचा अंश राहण्याची तिकडची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आमच्या गावात कोणालाच हा आकडा माहीत नव्हता. कंटेनर बंदरावर उभे राहिले आणि माल घेऊन गेलेल्या माणसाचे रोज फोन यायचे. माझ्या वडिलांनी त्या हंगामात चार एकरांचं कर्ज अंगावर घेतलं. ते फेडायला सहा वर्षं लागली.

आज आम्ही एमआरएल (औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा), काढणीपूर्व दिवस (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे), रेसिड्यूचा म्हणजे उरलेल्या अंशाचा रिपोर्ट सगळं बोलतो. पण तेव्हा ब्रुसेल्समध्ये बसून ठरलेली गोष्ट आमच्या बांधावर येऊन मराठीत सांगणारं कोणी असतं तर? औषधाचा दुकानदार सांगायचा तेच आम्हाला कळायचं. तुमच्या मुलीला शास्त्र आणि नियम दोन्ही शिकायचंय म्हणता. ताई, आमच्या तालुक्याला अशी माणसं पाहिजेत. पगार कोण देईल ते मी आज सांगू शकत नाही, पण काम आहे, हे नक्की.

जुना मेरीकर | मंगळवार, सकाळी ११.१५

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, शेवटची बरीच वर्षं दिंडोरी रोडला मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत काढली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

धोरण शिकायचं तर नाशिक सोडायची गरज नाही, असं मी म्हणतो. जायकवाडीचा वाद घ्या, म्हणजे वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली मराठवाड्याला किती पाणी सोडायचं तो. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. शब्द छान, पण समन्यायी म्हणजे किती? त्यासाठी मेंढेगिरी यांचा अभ्यासगट बसला. त्याच्या २०१३ च्या अहवालातून पुढे आलेली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं.

आता बघा. ६५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. पिण्याचं पाणी किती, उद्योगाला किती, रब्बीला किती, बाष्पीभवनात किती जाणार, याची बेरीज त्यामागे आहे. आणि १५ ऑक्टोबर ही तारीखही तशीच. पाऊस सरला की हिशोब करायला हवा, कारण जितका उशीर तितकं नदीचं पात्र कोरडं पडतं आणि सोडलेलं पाणी वाटेतच मुरतं. म्हणजे जलविज्ञान कळल्याशिवाय कायदा कळत नाही आणि कायदा कळल्याशिवाय आपण ज्याच्यासाठी मोजतोय ते कळत नाही. दर दुष्काळी वर्षी आपल्याकडे 'आमचं पाणी पळवलं' म्हणून मोर्चा निघतो, तिकडे 'आमचं पाणी अडवलं' म्हणून. मी दोन्हीकडच्या बैठकांना बसलोय. दोन्हीकडे डोळ्यांत पाणी आलेली माणसं पाहिलीत. त्या खोलीत ज्याला बेरीज समजावून सांगता यायची, त्याच्याकडे दोन्ही बाजू शांतपणे बघायच्या. अशी माणसं फार थोडी होती.

दुसरं उदाहरण वाघाड धरणाचं, दिंडोरी तालुक्यात. तिथे शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या आणि पुढे सगळं लाभक्षेत्र संस्थांच्या हातात आलं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव बैठका घेऊन हे उभं केलं. पाणी घनमापनाने, म्हणजे किती आलं ते मोजून घ्यायचं, पाणीपट्टी संस्थेनेच गोळा करायची. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळायला लागलं, ही त्यातली मोठी गोष्ट. आणि हे काही परदेशातून आलेलं नाही. बागलाणात मोसम नदीवर, तिकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. बंधारा सगळ्यांचा, पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, गावाने नेमलेला, कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कुठलं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः सांभाळू शकतात, हे सिद्ध करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बागलाणातल्या पाटकऱ्याला ते आधीपासून माहीत होतं.

लेकीला एक सवय लावा. शासन निर्णय मूळ मराठीत वाचायचे. भाषा अवघड असते, वाक्य पानभर चालतं, पण कर्ता कोण आणि क्रियापद कुठलं ते शोधलं की जबाबदारी कोणावर टाकलीय ते कळतं. 'करण्यात यावे' असं लिहिलं असेल तर कोणी करावे, हा प्रश्न तिने विचारावा.

विधिज्ञ नाशिकरोड | मंगळवार, रात्री १०.००

मेरीकर काकांच्या शेवटच्या वाक्यावर आमची अर्धी वकिली चालते.

अजून एक वाट सुचवते. पर्यावरणशास्त्रात पदवी आणि नंतर तीन वर्षांचं एलएलबी. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. तिथे अहवाल वाचू शकणाऱ्या वकिलांची गरज मला रोज जाणवते.

तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तोडायच्या झाडांवरून आपल्याकडे केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांनी पाहिलं. वृक्षसंरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांच्या पुढची झाडं हेरिटेज मानली गेली आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची असं ठरलं. म्हणजे झाडाचं वय कसं काढायचं, हा निव्वळ शास्त्रातला प्रश्न थेट कायद्यात येऊन बसला. हरकती लिहायला बसलेल्या मुलामुलींमध्ये तळमळ भरपूर होती. पण घेर मोजून, जात ओळखून, वयाचा अंदाज तर्कासह कागदावर मांडणारी दोन मुलं ज्या रात्री भेटली, त्या रात्री आमच्या अर्जाचं रूप पालटलं.

आडगावकर | बुधवार, रात्री ९.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हा धागा घरात मोठ्याने वाचला जातोय.

आमचं ठरलं ते असं. सीईटी ती देणारच आहे, दार बंद करायचं नाही. प्रवेशाला नाशिकची आणि पुण्याची कॉलेजं बघणार, आणि रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र गुणपत्रिकेवर येईल तिथेच अर्ज करणार. रानवाट, तुमचं ते चार ओळींचं लिहिणं आम्ही भिंतीवर चिकटवलंय. हे म्हणाले, पाच वर्षांची तयारी ठेवू, तीनवर थांबायचं नाही. अंबड १७, तुमच्यामुळे ते बोलायला लागले. प्रयोगवही सर, वही घेऊन तिला तुमच्याकडे पाठवू का? टायट्रेशनचा हात तुमच्याकडेच बसावा असं मला वाटतं.

काल रात्री आजोबांनी ती वही मागून घेतली. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. त्यांचं लहानपण सातपूरला गेलं, एमआयडीसी यायच्या आधीचं. नकाशात एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, इथे डोह होता, उन्हाळ्यातही आटत नव्हता, आम्ही इथे पोहायला शिकलो. मग अजून एक जागा दाखवली, तिथे म्हणे झरा होता आणि गावातल्या बायका प्यायचं पाणी तिथून न्यायच्या. लेकीने पेन्सिलीने दोन्ही ठिकाणी खुणा केल्या आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मेरीकर काका, तिचा तुम्हाला प्रश्न आहे. साठ वर्षांपूर्वीचे नासर्डीचे नकाशे कुठे बघायला मिळतील? तिला ते डोह आणि तो झरा नीट जागेवर मांडायचेत. रविवारी आजोबांना घेऊन ती काठावर जाणार आहे.